रानातल्या वायफायला वीज : ॲक्सेस पॉइंट आणि पीओई इंजेक्टर यांची जोड कशी जमवावी?



पाच अश्वशक्तीच्या पंपाला तीन अश्वशक्तीचा स्टार्टर कोणी बसवीत नाही. ठिबकाची नळी थेट पंपाच्या पूर्ण दाबाला कोणी जोडत नाही. यंत्राला यंत्राची जोड जमली पाहिजे, हे आपणास सांगावे लागत नाही. मात्र गावात किंवा शेतावर वायफाय बसविताना हाच नियम आपण विसरतो. दोन डब्या दिसायला सारख्या, दोन्हींची भोके सारखी, केबलचे टोक दोन्हींत बसते. मग जोडून मोकळे होतो. यातून कधी संच सुरूच होत नाही, कधी दर तासाला बंद पडतो आणि कधी कायमचा जळतो. ही चूक कशी टाळावी, हे प्रस्तुत लेखात सोप्या भाषेत देण्याचा प्रयत्न केला आहे.

हेमलकशासारख्या ठिकाणी याचे महत्त्व अधिक का?

गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हेमलकसा हे गाव बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे सर्वांना परिचित आहे. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड बांधवांसाठी तेथे दवाखाना व शाळा उभी केली. आलापल्लीपासून हे गाव सुमारे ६० कि.मी. आत जंगलात आहे, तर नागपूर तीनशे कि.मी.हून अधिक दूर. जवळच भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड व त्यापलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो, हा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर भामरागड गावात अनेक वेळा पाणी शिरले. आलापल्लीच्या बाजूचे नाले भरले की तिकडचीही वाट अडते.

अशा भागात मोबाइलचा मनोरा प्रत्येक पाड्याला पोचलेला नसतो. जेथे जोडणी आहे अशा गावातून बिनतारी दुव्याने ती पुढच्या पाड्याला न्यायची आणि तेथे समाजमंदिरावर किंवा शाळेवर वायफायचा संच बसवायचा, हा त्यावर उपयुक्त मार्ग आहे. पालघर जिल्ह्यातील खेड्यांत आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने याच धर्तीवर काम केले व २०१७ मध्ये त्यास मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. २०११ मध्ये मंजूर झालेली व २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखली जाणारी योजना ग्रामपंचायतीपर्यंत तंतूची केबल नेण्यासाठी आहे; तेथून पाड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा बिनतारीच असतो.

धानविक्रीची ऑनलाइन नोंदणी, हवामानाचा इशारा, ई-पीक पाहणी, रोगट पानाचे छायाचित्र तज्ज्ञांना पाठविणे ही सर्व कामे या एका डबीवर अवलंबून राहतात. शहरात संच जळला तर संध्याकाळी दुसरा येतो. येथे जुलैत जळलेला संच पाणी ओसरेपर्यंत जळलेलाच राहतो.

एक कटू अनुभव

भामरागड तालुक्यातील एका पाड्यावर समाजमंदिराच्या छपरावर असाच एक संच होता. जुलैच्या अखेरीस विजेच्या कडकडाटात त्याचा इंजेक्टर बिघडला. आम्ही त्या भागात रोवणीच्या पाहणीसाठी गेलो होतो. आमच्या सामानात दुसऱ्या ठिकाणचा एक इंजेक्टर होता. रंग, आकार, भोके हुबेहूब सारखी. लेबलकडे न पाहता आम्ही तो जोडला. संचावरील दिवा क्षणभर लागला, जळका वास आला आणि संच कायमचा बंद झाला. मग लेबल वाचले. संच २४ व्होल्टचा होता आणि आम्ही जोडलेला इंजेक्टर ४८ व्होल्ट थेट देणारा होता.

नवा संच यायला तीन आठवडे लागले, कारण मधले नाले भरलेले होते. त्याच काळात एका शेतकरी भगिनीच्या बांधीत कांद्याच्या पातीसारखे पोकळ, चंदेरी पोंगे दिसू लागले होते. ही गादमाशीची खूण. धान फुटव्यावर असतानाच तिचा बंदोबस्त करावा लागतो. त्यांच्या मुलाने मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले होते, पण पाठवायला जोडणी नव्हती. छायाचित्र आम्हाला मिळाले तेव्हा फुटव्यांची अवस्था उलटून गेली होती आणि सांगण्यासारखे काही उरले नव्हते. चंदेरी पोंग्याला लोंबी येत नाही. त्या बांधीत लोंब्या विरळच निघाल्या.

चूक आमची होती आणि ती लेबलावरचे दोन आकडे न वाचल्याची होती. म्हणूनच हा विषय शेतीच्या मासिकात मांडावासा वाटला.

पीओई म्हणजे काय?

वायफायचा जो डबा छपरावर, खांबावर किंवा भिंतीवर बसतो त्यास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. या लेखात त्यास ‘संच’ म्हटले आहे. संचाला दोन गोष्टी लागतात : माहिती आणि वीज. छपरावर विजेचा वेगळा बोर्ड नेण्याऐवजी माहितीच्या केबलमधूनच वीज पाठविण्याच्या पद्धतीस पॉवर ओव्हर इथरनेट, थोडक्यात पीओई, असे म्हणतात.

वीज केबलमध्ये सोडण्याचे काम इंजेक्टर करतो. ही घरात राहणारी छोटी डबी असते. तिला दोन भोके असतात. ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात राउटरकडून येणारी केबल घालावी व ‘पीओई’ लिहिलेल्या भोकातून संचाकडे केबल न्यावी. अनेक संचांच्या पेटीत इंजेक्टर येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो. जुना संच घेताना तर तो हमखास नसतो. जोड जमविण्याचा प्रश्न येथेच उभा राहतो.

इंजेक्टरचे दोन स्वभाव

सर्व इंजेक्टर दोन गटांत मोडतात. हा फरक लक्षात आला की निम्मे काम झाले.

१) विचारून वीज देणारा (ॲक्टिव्ह)

बियाणे पेरण्यापूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो. हा इंजेक्टरही वीज सोडण्यापूर्वी पलीकडे कोण आहे ते तपासतो. प्रथम तो १० व्होल्टपेक्षा कमी दाब सोडून पाहतो. प्रमाणित संचात सुमारे २५ हजार ओहमचा ठरावीक रोध असतो. तो आढळला तरच पूर्ण दाब सोडला जातो. पलीकडे संगणक किंवा न जुळणारा संच असेल तर वीज सोडलीच जात नाही. त्यामुळे नुकसान टळते.

या पद्धतीची प्रमाणके आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने ठरविली आहेत. लेबलवर ८०२.३ या आकड्यापुढे दोन अक्षरे असतात, ती पाहावीत.

तक्ता १ : प्रमाणके व त्यांची ताकद

• एएफ (२००३) : इंजेक्टर १५.४ वॅट देतो, संचापर्यंत १२.९५ वॅट पोचण्याची हमी.
• एटी (२००९) : इंजेक्टर ३० वॅट देतो, संचापर्यंत २५.५ वॅट.
• बीटी, तिसरा प्रकार (२०१८) : इंजेक्टर ६० वॅट देतो, संचापर्यंत ५१ वॅट.
• बीटी, चौथा प्रकार (२०१८) : इंजेक्टर ९० वॅट देतो; संचापर्यंत ७१.३ वॅट.

दोन आकड्यांतील फरक म्हणजे १०० मीटर केबलमध्ये होणारी जास्तीत जास्त घट. एटी लेबलवर कधी ‘पीओई प्लस’ असेही लिहिलेले असते. गावातील साध्या वायफायला एएफ किंवा एटी पुरते. बीटीची गरज सहसा पडत नाही.

२) थेट वीज देणारा (पॅसिव्ह)

हा कोणालाही विचारत नाही. बटण दाबले की ठरलेला दाब केबलमध्ये सोडतो. यात १२, १८, २४ व ४८ व्होल्ट असे निरनिराळे दाब बाजारात आहेत. बिनतारी दुव्याच्या स्वस्त रेडिओंत २४ व्होल्टचा प्रकार फार आढळतो. किंमत कमी व रचना साधी असल्याने तो टाकाऊ नाही. परंतु येथे जोड जमविण्याची सर्व जबाबदारी आपली असते. आमच्या हातून संच जळाला तो याच गटात.

जोड जमविण्याचे पाच प्रश्न

खरेदीपूर्वी व जोडणीपूर्वी संच व इंजेक्टर शेजारी ठेवून पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. उत्तरे वहीत लिहावीत.

प्रश्न पहिला : स्वभाव एकच आहे काय? संचाच्या पाठीवर ८०२.३ एएफ किंवा एटी लिहिले असेल तर विचारून देणारा इंजेक्टर घ्यावा. केवळ ‘२४ व्होल्ट’ किंवा ‘पॅसिव्ह’ लिहिले असेल तर त्याच दाबाचा थेट देणारा घ्यावा. काही संच दोन्ही चालवितात. तसे लेबलवर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच मानावे.

प्रश्न दुसरा : व्होल्ट जुळतात काय? व्होल्ट म्हणजे दाब. ठिबकाच्या लॅटरलला सुमारे १ किलोचा दाब लागतो; तेथे तिप्पट दाब दिला तर नळी निसटते किंवा फुटते. थेट प्रकारात व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. संचावर ‘२० ते ३० व्होल्ट’ अशी मर्यादा दिली असेल तर त्या मर्यादेतच राहावे.

प्रश्न तिसरा : वॅट पुरतात काय? वॅट दिलेले नसतील तर व्होल्टला अँपिअरने गुणावे. २४ व्होल्ट व ०.५ अँपिअर म्हणजे १२ वॅट. इंजेक्टरचे वॅट संचाच्या कमाल गरजेपेक्षा थोडे अधिक असावेत. अँपिअर जास्त असले तर संच जळेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. विहिरीत पाणी कितीही असो, पंप आपल्या ताकदीइतकेच उपसतो. संचही आपल्याला लागतील तितकेच अँपिअर ओढतो. जास्त व्होल्ट मारतात; जास्त अँपिअर मारत नाहीत.

प्रश्न चौथा : वेग जुळतो काय? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगाला दोनच जोड्या लागतात, गिगाबिट वेगाला चारही. इंजेक्टर १०० मेगाबिटचा असेल तर गिगाबिटचा महागडा संचही १०० वरच चालेल. यात नुकसान नाही, पण पैसा वाया जातो. पाड्यावरची मूळ जोडणीच २० ते ३० मेगाबिटची असेल तर १०० चा इंजेक्टर पुरेसा आहे.

प्रश्न पाचवा : वीज कोणत्या तारांतून जाते? थेट प्रकारात बहुधा चौथी-पाचवी पीन धन व सातवी-आठवी पीन ऋण असते. नेहमीच्या रंगक्रमात निळी जोडी धन व तपकिरी जोडी ऋण. काही उत्पादक याहून वेगळा क्रम ठेवतात, म्हणून आकृती पाहावी. प्रमाणित संच दोन्ही पद्धतींची वीज घेऊ शकतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न सहसा अडचणीचा ठरत नाही.

तक्ता २ : कोणती जोड चालते, कोणती नाही?

• एएफ संच + एटी इंजेक्टर : चालते. संच आपल्या गरजेपुरतीच वीज घेतो.
• एटी संच + एएफ इंजेक्टर : अर्धवट. संच कमी ताकदीने चालतो किंवा भार वाढताच पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो.
• एएफ संच + २४ व्होल्ट थेट : चालत नाही. प्रमाणित एएफ संचाला केबलच्या टोकाला किमान ३७ व्होल्ट लागतात.
• २४ व्होल्टचा थेट संच + एएफ इंजेक्टर : सुरू होत नाही, कारण ओळख पटत नाही. इंजेक्टर प्रमाणाबरहुकूम असेल तर नुकसानही होत नाही.
• २४ व्होल्टचा थेट संच + ४८ व्होल्ट थेट : संच जळतो. ही जोड कधीही करू नये.
• एएफ संच + ४८ व्होल्ट थेट : तारांचा क्रम जुळला तर बहुधा चालते, पण संरक्षण राहत नाही. केवळ अडचणीच्या वेळी व खात्री करून वापरावी.
• संगणक + थेट इंजेक्टरचे ‘पीओई’ भोक : धोका. संगणकाचे केबलचे भोक जळू शकते.

हा तक्ता कापून समाजमंदिरात इंजेक्टरशेजारी चिकटवून ठेवावा.

लेबलवर विश्वास किती ठेवावा?

स्वस्त इंजेक्टरवर कधी कधी ‘एएफ’ छापलेले असते, पण आत थेट वीज सोडणारी रचना असते. याची परीक्षा घरी करता येते. इंजेक्टरला विजेवर लावावे; ‘पीओई’ भोकातून एक छोटी केबल बाहेर काढावी, पण ती कोठेही जोडू नये. दुसऱ्या टोकाच्या चौथ्या व सातव्या पिनेवर मल्टीमीटर लावावा. सतत ४८ व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर लेबल काहीही म्हणो, तो थेट देणारा आहे. आकडा हलता व लहान दिसला तर तो बहुधा विचारून देणारा आहे. वीज पहिल्या-दुसऱ्या व तिसऱ्या-सहाव्या पिनांतूनही दिली जात असल्याने पहिली व तिसरी पीन घेऊन तीच तपासणी पुन्हा करावी. केबलच्या टोकाला पिना अगदी जवळ असतात. मीटरच्या टोकांनी दोन पिना एकमेकींस जोडल्या जाणार नाहीत याची दक्षता घ्यावी.

येथे उलटी चूकही होते. मीटरवर ४८ व्होल्ट दिसले नाहीत म्हणून चांगला ॲक्टिव्ह इंजेक्टर बिघडला असे समजून टाकून दिला जातो. पलीकडे संच नसताना तो पूर्ण दाब देणारच नाही, हे ध्यानात ठेवावे.

केबलमधील घट : पाइपलाइनचाच हिशेब

पाइप जितका लांब व अरुंद तितकी घर्षणाने दाबात घट अधिक. तारेचेही तसेच आहे. नेहमीच्या कॅट-५ई केबलमधील तांब्याच्या एका तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. वीज दोन तारांतून जाते व दोन तारांतून परत येते, म्हणून जाण्यायेण्याचा एकूण रोधही दर मीटर केबलमागे तेवढाच पडतो. ८० मीटर केबलला तो ६.७ ओहम होतो.

समजा, संचाला १० वॅट लागतात आणि केबल ८० मीटर आहे.

• २४ व्होल्ट, तांब्याची केबल : सुमारे सव्वातीन व्होल्टची घट. संचाला २०.८ व्होल्ट मिळतात.
• २४ व्होल्ट, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबल : रोध सुमारे दीडपट. घट पावणेसहा व्होल्टच्या आसपास. संचाला १८ व्होल्टच मिळतात व तो अडखळू लागतो.
• ४८ व्होल्ट, तांब्याची केबल : घट जेमतेम दीड व्होल्ट.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. केबल ३०–४० मीटरपेक्षा लांब असेल तर २४ व्होल्टच्या संचाऐवजी ४८ व्होल्टच्या प्रमाणित संचाची निवड करावी. आणि केबल शुद्ध तांब्याचीच घ्यावी. मुलाम्याची केबल ओळखण्यासाठी तार चाकूने खरडावी; आत पांढरी दिसली तर ती ॲल्युमिनियमची. ती वजनाला हलकी व वाकविल्यावर लवकर तुटणारी असते. केबलची एकूण लांबी कोणत्याही परिस्थितीत १०० मीटरच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे वीज पोचली तरी माहिती नीट पोचत नाही.

सौर पॅनेलवर चालवायचे असल्यास

जंगलपट्टीत वीजपुरवठा दिवसेंदिवस खंडित होतो, म्हणून सौर पॅनेल व १२ व्होल्टची बॅटरी ही नित्याची सोय. येथे अनेक जण बॅटरीवर इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर इंजेक्टर असे जोडतात. इन्व्हर्टर स्वतः चालण्यासाठीच बरीच वीज खातो. त्याऐवजी १२ व्होल्ट घेऊन थेट ४८ व्होल्टचे पीओई देणारा डीसी इंजेक्टर वापरावा. मात्र १२ व्होल्ट घेतो म्हणून तो १२ व्होल्टच देतो असे समजू नये. येणारा व जाणारा, दोन्ही दाब लेबलवर वाचावेत.

हिशेबाचे एक उदाहरण पाहू. संच १० वॅट, दुव्याचा रेडिओ ८ वॅट व रूपांतरातील घट धरून एकूण २१ वॅट. चोवीस तासांना सुमारे ५०० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून रोज ४२ अँपिअर-तास जातील. दोन दिवस ऊन नाही असे धरले तर ८४. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणून सुमारे १७० अँपिअर-तासाची बॅटरी हवी. पावसाळ्यात दिवसाला अडीच तास पूर्ण उन्हाइतका प्रकाश धरल्यास व एकूण घट लक्षात घेतल्यास सुमारे ३०० वॅटचे पॅनेल लागेल. एवढा खर्च शक्य नसेल तर रात्री १० ते पहाटे ५ टायमरने संच बंद ठेवावा. रोज सुमारे १५० वॅट-तास वाचतात.

जोडणीची क्रमवार पद्धत

१) संच छपरावर चढविण्यापूर्वी खाली टेबलावर छोट्या केबलने जोडून एक तास चालवून पाहावा. मगच वर न्यावा.

२) केबल बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची घ्यावी. जमिनीतून नेताना पाइपमध्ये घालावी. उंदीर, खार व वाळवी यांचा उपद्रव या भागात अधिक असतो.

३) टोक बसविताना दोन्ही बाजूंना एकच रंगक्रम ठेवावा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

४) संचात शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळातून गळून जाते व संचात शिरत नाही. संचाचे भोक नेहमी खालच्या दिशेस असावे. इंजेक्टर छपराखाली, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावा. तो पावसात ठेवण्यासाठी नसतो.

५) खांबाला भूसंपर्क करावा. केबलच्या दोन्ही टोकांना वीजरोधक बसवावा व तो पीओईचा दाब चालणारा आहे याची खात्री करावी. उंच मोह्याच्या किंवा सागाच्या शेंड्यावर संच बांधण्याचा मोह टाळावा.

६) प्रथम केबल दोन्ही टोकांना जोडावी व सर्वांत शेवटी इंजेक्टरची वीज सुरू करावी. काढताना उलट क्रम ठेवावा : आधी वीज बंद, मग केबल.

७) वादळ येताना दिसले की इंजेक्टर विजेपासून व केबलपासून सुटा करावा. वीज पडण्याचा इशारा देणारे दामिनी हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे; ते मोबाइलवर घ्यावे. थेट पडणाऱ्या विजेपुढे कोणताही रोधक टिकत नाही. कडकडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नये व छपरावर चढू नये. संचापेक्षा जीव मोलाचा आहे.

दोष व त्यांची कारणे

• इंजेक्टरचा दिवा लागतो, संच अंधारात : प्रकार जुळत नाही, केबलची निळी-तपकिरी जोडी तुटली आहे किंवा ‘लॅन’ व ‘पीओई’ भोकांची अदलाबदल झाली आहे.

• संच दिवसा चालतो, संध्याकाळी पुन्हा पुन्हा बंद-चालू होतो : संध्याकाळी माणसे जास्त जोडली जातात व संच जास्त वीज ओढतो. वॅट कमी पडत आहेत, केबल मुलाम्याची आहे किंवा बॅटरी उतरली आहे.

• वेग अचानक कमी होऊन १०० मेगाबिटवर आला : चारपैकी एखादी जोडी तुटली किंवा टोकावर गंज चढला. टोक कापून नवे बसवावे.

• संच चालू आहे, पण दूरच्या गावचा दुवा पावसाळ्यात तुटतो : येथे इंजेक्टरचा दोष नाही. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. मे महिन्यात फांद्यांमधून जुळविलेला दुवा जुलैत ओल्या, रुंद पानांनी अडतो. दुवा नेहमी झाडांच्या माथ्यावरून, पाने भरलेली असताना तपासून जुळवावा. या कारणाने चांगला इंजेक्टर बदलणारे अनेक जण आहेत.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

पऱ्हे टाकण्यापूर्वी आपण बियाणे, खते, अवजारे यांची जुळवाजुळव करतो. त्याच वेळी, म्हणजे मे अखेर, पुढील साहित्य गावात आणून ठेवावे : संचाशी जुळणारा एक जादा इंजेक्टर, तयार केलेली १ मीटरची तपासणी केबल, दहा कनेक्टर व टोक बसविण्याचा चिमटा, एक वीजरोधक आणि एक साधा मल्टीमीटर. जादा इंजेक्टर आणताच तो एकदा प्रत्यक्ष जोडून चालविलेला असावा. न तपासलेला सुटा भाग म्हणजे न तपासलेले बियाणे.

संचावर व इंजेक्टरवर जाड अक्षरांत मराठीत चिठ्ठी लावावी. उदाहरणार्थ, ‘समाजमंदिर संच – २४ व्होल्ट थेट – इतर जोडू नये’. छापील लेबल बारीक व इंग्रजीत असते आणि दोन पावसाळ्यांत पुसट होते. दोन्ही डब्यांवर एकाच रंगाची फीत गुंडाळली तर वाचता न येणाऱ्यालाही जोड ओळखता येते. त्या पाड्यावर आम्ही नवा संच बसविला तेव्हा संच, इंजेक्टर व पेटीतील जादा इंजेक्टर या तिन्हींवर पिवळी फीत गुंडाळली. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीज कडाडून इंजेक्टर गेला. त्या वेळी आम्ही तेथे नव्हतो. गावातील दहावीत शिकणाऱ्या मुलीने पिवळी फीत पाहून जादा इंजेक्टर काढला, वहीतील आकडे ताडून पाहिले, तो जोडला आणि अर्ध्या तासात संच सुरू झाला.

सारांश असा की, प्रकार, व्होल्ट, वॅट, वेग व तारांचा क्रम या पाच गोष्टी जोडण्यापूर्वी जुळवाव्यात. केबल तांब्याची व १०० मीटरच्या आत ठेवावी. आणि तपासलेला जादा इंजेक्टर पावसाळ्यापूर्वी गावात ठेवावा. लेबल वाचायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आम्ही दिली असती तर त्या ऑगस्टमध्ये एका बांधीचे छायाचित्र वेळेवर पोचले असते.